प्रमाण

रबाळ्याच्या प्रयोगशाळेत
दुपारी साडेतीनला यंत्रानं आकडा दिला:
शून्य दशांश चार आठ.
तीनदा घेतला. तिन्ही वेळा तोच,
शेवटची जागा जराशी हलली, एवढंच.

नमुना क्रमांक चारशे सतरा. बोय,
ऐरोलीच्या पुलाखालच्या खाडीतली,
आम्लात विरघळून आता स्वच्छ पाण्यासारखी.
पाऱ्याची मर्यादा शून्य दशांश पाच.
मी रकान्यात लिहिलं: मर्यादेत.
कर्णिक सरांनी शिक्का मारला आणि चहा सांगितला.

अहवाल द्यायला मीच गेले.
वाटेत होतं, नाहीतर पोस्टानं गेला असता.
गुणाबाई तांडेल जेटीवर
टोपली पालथी घालून बसल्या होत्या.
ओहोटी. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या,
पलीकडे रोहित पक्षी
आणि त्यांचे फोटो काढणारे.

"म्हंजी खायाची का नाय?"
मी म्हटलं, मर्यादेत आहे.
"त्ये वाचलं माझ्या नातीनं. खायाची का नाय?"

मग मी समजावलं, मला शिकवलं होतं तसं:
मर्यादा काढताना एक माणूस धरतात,
साठ किलोचा, आठवड्यातून दोनदा मासे खाणारा.
"धरतात? कंच्या जाल्यात?"
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
"तो मानूस रातो कुठं, बाय?"

मला त्याचा पत्ता माहीत नव्हता.
अकरा वर्षं मी त्याच्या वतीनं सह्या करतेय
आणि तो एकदाही भेटला नाही,
ना घणसोलीच्या बाजारात, ना ह्या जेटीवर.
बहुधा त्याच्या ताटात कोशिंबीर असते.
गुणाबाईंचा नातू तेरा किलोचा.
सकाळी बोयीचं कालवण,
संध्याकाळी उरलेलं तेच.

आकड्यात खोट नव्हती.
हे लिहून ठेवते, कारण पुढं कुणी म्हणेल
विज्ञान खोटं बोललं.
पारा होता तितकाच यंत्रानं सांगितला,
कुणाची भीड नाही, कुणाची कीव नाही.
पण ते शून्य दशांश पाच
कुठल्या माशात सापडलं नव्हतं.
कुणी किती सोसावं यावर
एका खोलीत, मेजाभोवती, ते ठरलं
आणि त्या खोलीत टोपली घेऊन
कुणी गेलं नव्हतं.

प्रमाण म्हणजे किती. प्रमाण म्हणजे पुरावाही.
मर्यादा म्हणजे रेघ,
आणि आजी सुनांना सांगायची ती.
शाळेत हे दोन वेगळ्या तासांना शिकवलं,
मधे सुट्टी होती.

"सही तुजीच ना ही?"
त्यांनी बोट ठेवलं. बोटाला खवला चिकटलेला,
तो कागदावर उतरला, शिक्क्याशेजारी.
हो म्हटलं.
"मग तू सांग."

मी सांगितलं. नातवाला आठवड्यातून एकदा. जास्त नको.
हे कुठल्या यंत्रातून आलं नव्हतं,
आवाज माझाच होता, जरा घोगरा.
"आनि बाकीचं सा दिवस?"
खाडीत पाणी परत यायला लागलं होतं.
मी ते बघत राहिले.

निघताना त्यांनी पिशवीत दोन बोयी घातल्या,
पैसे घेतले नाहीत.

सेक्टर आठ, तिसरा मजला.
त्या अजून फ्रीजरमध्ये आहेत, डोळे उघडे.
टाकवत नाहीत.
आज सकाळी मी वजनकाट्यावर उभी राहिले.
त्रेपन्न.