माशाचा वास

त्या रात्री ट्रेलरमध्ये माशाचा वास आला
म्हणून आर्डिथ उठली.
तळ्यावर सहा तास बसून
ऑर्विलच्या गळाला काहीच लागलं नव्हतं.

सस्कॅचवनचा सप्टेंबर. हीटर फुरफुरत होता,
ऑर्विल घोरत होता.
तिने प्लायवूडच्या भिंतीवरून हात फिरवला,
नातवंडांचा ताप बघते तसा,
तळहात नाही, पालथा.
फ्रिजमागे भिंत कढत होती.

ओरडली नाही.
त्याला गदागदा हलवून उठवलं,
अनवाणी बाहेर पडली, दहिवर गोठलेल्या गवतातून,
आणि खांबावरचा ब्रेकर खाली ओढला.
सगळा कॅम्प उजळच राहिला,
एक त्यांची खिडकी तेवढी विझली.

सकाळी फळी काढली.
उंदराने किती निगुतीनं रचलेलं:
गादीचा कापूस, तिच्याच रुमालाच्या चिंध्या,
आणि मधून जाणारी तार,
तांबं उघडं, दातांचे व्रण ताजे.
कडेचं पांढरं प्लास्टिक
दुधाच्या खरवडीसारखं तपकिरी.

"तीस वर्षं काही झालं नाही,"
ऑर्विल म्हणाला. मग गप्प.

दुपारभर त्याने नवी वायर ओढली,
जोड डबीत बंद केले.
जूनमध्ये टोस्ट करपला तेव्हा
धुराच्या अलार्मची बॅटरी काढून
त्याने रेडिओत घातली होती.
ती न सांगता परत बसवली.
रेडिओ मुका.

संध्याकाळी खरंच एक पाइक मिळाला.
आर्डिथने तो तळ्याकाठी भाजला,
आत आणू दिला नाही.
म्हणाली, तो वास आला
तर कळायला हवं ना.