डोक्यावरून

दराडे सरांच्या टेबलावर तीन फायली.
पहिलीत अख्खी चौथी.
दुसरीत सातजण, मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास
कुलथे बाईंच्या चटईवर, शब्दपट्ट्या मांडून.
तिसरी पातळ. तिच्यात एकच कागद :
अल्केश सोमनाथ गांगुर्डे,
आणि शेजारी माझं नाव, पेन्सिलीने.

जागा मिळाली खिचडीच्या कोठीत.
तांदळाची पोती, तराजू,
हळदीचा वास वहीलाही लागलेला.
भिंतीपलीकडे वर्ग एका सुरात कविता म्हणतो
आणि हा ओठ हलवतो, इथून.

चौथीपर्यंत आला कसा, सगळे मलाच विचारतात.
पहिल्या दिवशी म्हटलं, धडा वाच.
घडाघडा वाचला त्याने,
स्वल्पविरामाला थांबून,
ओळीखालून बोट फिरवत.
पुस्तक उघडं होतं पान अठ्ठावीसवर.
धडा होता एकतिसावरचा.

मी हसले नाही.
एवढं पाठ व्हायला किती ऐकावं लागतं!
तीन वर्षं पोरगा कान टवकारून बसला होता
आणि आम्ही शेऱ्यात लिहीत होतो, लक्ष नसते.

ख दिसला की तो र म्हणतो, मग व.
खडू नाही, रवडू.
मीही एकदा नीट पाहिलं.
खरंच की, र आणि व, एकमेकांना टेकून बसलेले.
मला कुणीतरी लहानपणी ख म्हणून सांगितलं,
मी विश्वास ठेवला. एवढाच आमच्यात फरक.

श्रावणात गंगेला पूर आला.
दोन दिवस शाळा बंद.
तिसऱ्या दिवशी तो आला, पँटला गाळ,
आणि पाटीवर त्याने दुतोंड्या मारुती काढला.
आमच्याकडे पूर कुणी फुटांत सांगत नाही.
घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं,
कमरेला लागलं की भांडीबाजार माल वर चढवतो.

"बाई, वर्गात ना, पाणी इथं असतं."
मारुतीच्या डोक्यावरून त्याने रेघ ओढली.
"कुलथे बाईंकडे इथं." गळा.
"आणि माझ्याकडे?"
पोत्यावर बसून बराच वेळ विचार केला त्याने.
मग पोटरीपाशी एक रेघ,
पुसली, जरा वर पुन्हा काढली.

सरांच्या तक्त्यात पोरं खालून वर चढतात,
स्तर एक, स्तर दोन.
मीही त्याला वर ओढायला निघाले होते,
बकोट धरून.
त्याला हवं होतं पाणी उतरायला,
पाय टेकतील इतकं.

आता शुक्रवारी रेघ तोच ओढतो.
कधी खाली येते. जोडाक्षरं सुरू केली
त्या आठवड्यात छातीपर्यंत चढली,
आणि मला रात्री झोप नाही.
प्रगती किती टक्के, फाइल विचारते.
रकान्यात "गुडघा" लिहिता येत नाही,
मी चाळीस लिहिते.

बुधवारी बाजारात तो दिसला,
आईच्या मेथीच्या ढिगामागे, सुट्टे पैसे मोजत.
आई म्हणाली, न्या की त्याला, गिऱ्हाईक नाही आत्ता.
घाटाच्या खालच्या पायऱ्या अजून चिखलात,
वरच्या कुणी धुऊन काढलेल्या.
कठड्याला पालिकेचा पत्रा, लाल अक्षरं.
मी काही म्हटलं नव्हतं.
तो स्वतःहून थांबला.

"र... "
मग गप्प. मान तिरकी करून बघतो.
"खो. खोल.
खोल पा-णी."
मागून एक हातगाडी आली, बाजूला व्हा म्हणाली,
आम्ही दोघंही झालो नाही.
"पु-ढे. पुढे जा-ऊ."

एक शब्द राहिला होता.
मला तो पाठ होता.
मी नदीकडे बघत उभी राहिले.