तिसरी वायर

बेटावर तेव्हा इंटरनेट आलं नव्हतं.
येणार होतं, म्हणजे तसा बोर्ड लागला होता
धक्क्याजवळ, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर.
येत होती ती फक्त बोट, दिवसातून एकदा;
समुद्र खवळला तर तीही नाही.
दादा शिकायला मात्सुएला निघाला तेव्हा
त्याचं खेळायचं यंत्र मला मिळालं, आणि एक तबकडी.
म्हणाला, ‘लाव. लाखो माणसं आहेत आत.’

लाखो.
आमच्या वर्गात पाच मुलं होती.

पडद्यावर आधी अक्षरं यायची:
सर्व्हरशी जोडणी होत आहे.
एक पट्टी डावीकडून भरत जायची, मधेच अडायची,
मी श्वास धरून बसायचो.
मग दार, मग पूल, मग चौक,
चौकात ही गर्दी! धावणारी, सौदे करणारी,
‘कुणाकडे उरलंसुरलं औषध आहे का’ म्हणून ओरडणारी.
एकजण कायम कारंज्याला टेकून उभा.
त्याचा खरा माणूस म्हणे घरी बसल्या बसल्या पेंगला होता.

पत्रंही यायची.
कासासागी नावाची एक होती, पांढऱ्या झग्यातली, जखमा भरणारी.
लिहायची: खरी मी सापोरोत असते, इस्पितळात, रात्रपाळीला.
आज अकरा नंबरच्या आजोबांनी माझ्याकडून संत्रं सोलून घेतलं
आणि खाल्लं नाही. नुसतं हातात धरून बसले.
इथं अजून बर्फ आहे. तुझ्याकडे?

खाली तीन उत्तरं. त्यातलं एक निवडायचं.
काळजी घे.
उद्या गुहेत भेटू.
मला औषधं दे.

माझ्याकडे ऑगस्ट होता.
खिडकीतून माकुलांच्या बोटींचे दिवे दिसत, त्यातला एक बाबांचा.
कुठला, ते आई बोट दाखवून सांगायची; मला कधी जमलं नाही.
हे त्या तिन्हीत कुठंच बसत नव्हतं.
मी ‘काळजी घे’ दाबायचो.

एकदा धूळ पुसायला आईनं सगळं पुढं ओढलं.
यंत्रातून दोनच वायरी निघत होत्या,
एक भिंतीकडे, एक टीव्हीकडे.
बाहेर जाणारी तिसरी नव्हतीच.
मी बारा वर्षांचा होतो, ढ नव्हतो.
सगळं पुन्हा जागेवर सरकवलं,
पट्टी भरू दिली,
मधे अडली तेव्हा श्वासही धरला.

शेवटचा राक्षस पडला, नावं वर सरकू लागली.
संगीत, रंग, गुहांचे नकाशे, शेकडो नावं,
आणि एका ओळीत: पत्रं, नुकागा फुमिनो.
म्हणजे होतं कुणीतरी.
फुकुओकात, एखाद्या चौथ्या मजल्यावर, गार झालेल्या नूडल्सशेजारी
एका बाईनं ते संत्रं सोललं होतं
आणि आजोबांना खाऊ दिलं नव्हतं.
का, हे मला अजून विचारायचंय.

आता मी ओसाकात, हीटरच्या कंपनीचे फोन घेतो.
समोर वाक्यं असतात, क्रमांक घातलेली.
दिलगीर आहोत. तपासून सांगतो. आणखी काही मदत?
मागच्या गुरुवारी असाहिकावाहून एका म्हातारीचा फोन.
हीटर पेटत नव्हता. बटण दाबून धरायला सांगितलं, पेटला.
तरी तिनं फोन ठेवला नाही.
म्हणाली, ‘इथं अजून बर्फ आहे हो.’

वाक्यं चमकत राहिली.
मी म्हणालो, आमच्या बेटावरून आत्ता माकुलांच्या बोटी निघाल्या असतील.
लांबून सगळे दिवे सारखेच दिसतात.
‘मग? आपला कुठला ते ओळखायचं कसं?’
आईला विचारायचं राहून गेलं, म्हणालो.
ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.
तिकडे हीटर घुंघुं करत होता.

कॉल अकरा मिनिटांचा झाला.
ओगाताबाईंनी कारण विचारलं, रकान्यात भरायला.
मी लिहिलं,
जोडणी होत होती.