मोजणी

सकाळी सहा वीसला फोन थरथरला :
आयनारला ताप, इंगविल बर्फात अडकलेली.
चौदा मुलं, आणि मोठी माणसं उरली दोन,
त्यातली एक मी.

बूदोच्या या पाळणाघराच्या किल्ल्या
तूरुनने दिल्या त्याला तीन महिने झाले.
वही दिली नाही, सल्ला नाही.
एवढंच म्हणाली, खुर्च्या बदलू नकोस.

तेव्हा कळलं नव्हतं.
आज दुपारी सेमहार रडत आत आली.
फेरफटक्यावरून परतताना
तिची मोजणी तेरावर थांबली होती.
चौदावा शेडमागे, बाबागाडीत,
लोकरीत गुरफटून गाढ झोपलेला,
नाकाचा शेंडा तेवढा लाल.
चार मिनिटं. घड्याळातली चार.

त्याच्या बापाशी मी बोलले, काही लपवलं नाही.
तो ओरडला, मी ऐकलं.
ओरडायचा हक्क होता त्याला.

मग आम्ही दोघी, त्या वीतभर खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीला टेकलेले,
मध्ये कुणाचा तरी अर्धा खाल्लेला पाव.
इतक्या खाली बसून
वरच्या पट्टीत बोलताच येत नाही.

अहवाल मी लिहिला. सह्या दोघींच्या.
कारणाच्या रकान्यात तिचं नाव नाही.
लिहिलं : त्या वेळी माणसं दोन.
तिसरं मी मागवायला हवं होतं.

उद्या दारात मीही मोजेन,
तिच्यानंतर, मोठ्याने.

आता अंधार. खुंटीवर
एकच हातमोजा राहिलाय, डावा.
कुणाचा, ते मला ठाऊक आहे.