भरतीची रेघ

खांब चौदा फुटी. त्यांवर घर.
ओडेल म्हणाला, पाणी खालून जाईल,
आपण वर कॉफी पिऊ.
व्हर्लीनला मात्र जमीन हवी होती,
पायाला लागणारी.

तिनं हिरवळीच्या गुंडाळ्या मागवल्या,
सतरंजीसारख्या अंथरल्या थेट खाडीपर्यंत.
ऑक्टोबरच्या पौर्णिमेला खाडी वर आली
न बोलावता, अनवाणी,
जाताना चार खेकडे विसरून गेली.

हिरवळ पिवळी पडली.
बागेचा नकाशा ओडेलनं उघडला, पुन्हा घडी घातली.

आता तिथं खारं गवत उगवतंय,
कुणी न लावलेलं.
व्हर्लीन सगळ्यांत खालच्या पायरीवर बसते,
तळव्यांचा शिंपल्यांचा चुरा झटकत.
जुना ओक तोडायचा नाही, म्हणून
ब्युफोर्टच्या सुतारानं जिना वाकडा केलाय.
त्याच वळणावरून ओडेल खाली येतोय,
दोन्ही हातांत कप,
पायरी चाचपत.