सैल

रंकाळ्याला लाटा नसतात, मॅडम,
मी पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्या म्हणाल्या, मग समुद्र घ्या, गणपतीपुळ्याचा घ्या,
डोळे मिटा. कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं.
येते, चढते, उतरते.

राजारामपुरीत, बॅटरीच्या दुकानावर,
पाच सतरंज्या, पाच जणी डाव्या कुशीवर,
पाच पोटं एकाच भिंतीकडं तोंड करून.
खाली कुणीतरी इन्व्हर्टर ओढतंय,
वर मृदुला मॅडमचा आवाज, साय धरल्यासारखा:
दहा, पापण्या जड. नऊ, जबडा सैल.
आठ, खांदे जमिनीला देऊन टाका.
उत्तूरची पोरगी सहापर्यंत घोरायला लागायची.
मी आपलं पंख्याची पाती मोजत राहायचो.

घरी म्हणायला कागदावर वाक्य दिलं होतं:
मी शांत आहे. मी उमलते आहे.
मी म्हटलं, मी उमलतो.
"उमलते म्हणा," मॅडम हसल्या. त्या पुण्याच्या.
आमच्यात बाई येतो म्हणते, जातो म्हणते,
भाकरी थापतो, लेक नांदायला धाडतो,
रडतोसुद्धा म्हणते.
कागदातली ती उमलणारी
मला दुसरीच कुणी वाटायची,
पायात मऊ सपाता घातलेली.

सुभाषनगरात आमच्या दारात हौसाक्का,
सासूची थोरली जाऊ,
बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडं भिजत घालते.
गिऱ्हाईक पायरीवर बसून राहिलं तरी
अंगठ्यानं दाबून बघते, परत बुडवते.
"कोरडं वळवलं की तडकतंय.
भिजलं की आपसूक वळतंय.
जोर माझा न्हाई, पाण्याचा हाय."
मी उंबऱ्यात, एका कानात मॅडमचे आकडे,
दुसऱ्या कानात तिची मोगरी,
ठक.
मग केवढी तरी जागा.
ठक.
त्या जागेत एकदा माझा जबडा सुटला.
कळलंच नाही. चहा निवून गेला.

मंगळवारी रात्री अकराला सुरू झालं.
लाट नव्हती ती. कळच होती. लिहून ठेवा.
दहा बरा गेला, नऊ गेला,
आठाला मी पलंगाची दांडी धरली,
सात मला अजून सापडलेला नाही.
मोबाईल चार टक्क्यांवर,
आया म्हणते दात आवळ,
मॅडम म्हणते दात सोड,
मी दिग्विजयला शिवी घातली, मग समुद्राला.

पहाटे हौसाक्का आत आली. कुणी सोडली, देव जाणे.
नखांत काळं, हाताला तो वास,
हिरडा, साल, ओलं कातडं.
नर्सनं नाक मुरडलं.
तिनं कपाळावरून हात फिरवला नाही,
बाळा म्हटलं नाही.
जबड्याच्या सांध्यावर अंगठा ठेवला,
दाबून बघितलं.
"कोरडी हाईस अजून. भिज."

मी श्वास सोडला तो पार टाचेपर्यंत.
मी सोडतो, म्हटलं. मी सैल सोडतो.
मी भिजतो.
कळ आली, तिला राहायचं तेवढी राहिली,
तिला जायचं तेव्हा गेली.
दुखलं. मी त्याला दुसरं नाव दिलं नाही.
पण कळेच्या आणि कळेच्या मध्ये
ती केवढी तरी जागा होती,
आणि त्यात मी झोपलोसुद्धा, अर्धा मिनिट,
तोंड उघडं टाकून, उत्तूरच्या पोरीसारखं घोरत.

आठवड्यानं मॅडमचा फोन.
"लाटा कशा गेल्या?"
कळा होत्या मॅडम, मी भिजत होतो.
पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही.
मग, "थांबा, हे मला लिहून घेऊ दे."

हौसाक्का तेव्हा लेकीचं पाऊल
अंगठ्यावर ठेवून माप घेत होती.
दीड बोट, आणि वर थोडं.
वहीत लिहिलं नाही.
"उद्या बदलंल," म्हणाली,
आणि पाण्यात हात घालायला बाहेर गेली.