तेवीस फूट

मसिंडीजवळच्या साखर कारखान्यात
तीन सीझन पॅनवर होतो मी.
पाकाचा थेंब काचेवर ओढून
दाणा धरला का बघायचं, एवढंच काम.
बॉयलरची ट्यूब फुटली तेव्हा एक सुटी मिळाली.
जीप केली: मी, किर्लोस्करवाडीचा फिटर बाबासो,
आणि ड्रायव्हर ओकेलो, ज्याला
हिंदुराव हे नाव कधीच पुरतं जमलं नाही.
मिस्टर हिंदू म्हणायचा.

हत्तींचं रस्ता ओलांडून होईस्तोवर
बाबासोनं डब्यातली शेंगाचटणी संपवली.
जिराफ बाभळीचा शेंडा तोंडात घोळवत
आमच्याकडं बघत राहिला,
ग्रामसभेत उत्तर द्यायच्या आधी
सरपंच पान घोळवतात तसा.

मग धबधबा.
एवढी थोरली नाईल
तेवीस फुटांच्या फटीतून जाते, ओकेलो म्हणाला.
तेवीस फूट.
भिलवडीत आमच्या प्लॉटची रुंदी तेवढीच,
भावकीत तिच्यावरून सोळा वर्षं कोर्ट.
पायाखालचा खडक हलत होता
मिलच्या पहिल्या रोलरजवळची फरशी हलते तसा,
चष्म्यावर नुसते तुषार,
आणि मी मापत होतो:
इथं जिना, इथं ओटा, इथं धाकट्याची भिंत,
आणि त्या सगळ्यातून नदी.
बाबासोनं काहीतरी ओरडत कानाशी हात नेला.
फोन वाजतोय वाटून मी खिसे चाचपले.

खाली होडीतून मगरी दाखवल्या.
वाळूवर तोंडं उघडी टाकून पडलेल्या,
दात मोजून घ्या म्हणाल्यासारख्या.
तुमच्याकडं असतात? ओकेलोनं विचारलं.
असतात की. कृष्णेला, पलीकडच्या मळीला.
तिकीट नाही.
आई धुणं घेऊन जायची तेव्हा
आधी एक दगड टाकायची पाण्यात,
थांबायची,
मग पायरी उतरायची.
तो हसेल वाटलं. हसला नाही.
त्याचीही आई म्हणे
बादली बुडवायच्या आधी
काठीनं पाणी झोडपायची.
मग बराच वेळ
होडीचं इंजिनच तेवढं बोलत होतं.

परत येऊन दोन वर्षं झाली.
निकाल लागला. साडेअकरा फूट माझ्याकडं.
संध्याकाळी घाटावर जातो,
उतरायच्या आधी एक दगड टाकतो.
बाबासो आला होता परवा, म्हणाला,
मगर काय दगडानं जाते व्हय?
जात नसेल.
टाकतो मी आपला.